गोल काचेमागची किल्ली

ताईचा हात आधी उजव्या कमरेवर गेला, मग डाव्या, मग परत उजव्या. अंगावर बाहेर जायची साडी होती, तिथे खिसाच नव्हता. खिसा होता तो गाऊन मशीनमध्ये होता आणि मशीन धुणं अर्ध्यावर टाकून बंद पडलं होतं. गोल काचेच्या दारामागे साबणाचं करडं पाणी, त्यात भावोजींची चादर, आणि चादरीखालून निसटून काचेला टेकलेली घराची किल्ली.

किल्ली कसली, किल्ल्या. एक ताईची आणि एक माझी. दोन्ही एकाच कडीत.

"माझी किल्ली तुझ्या कडीत कशी गेली गं?" मी विचारलं. मी शाळेत खेळ शिकवायचे. माझा आवाज थोडा चढला तरी मैदानाच्या पार पलीकडची पोरं रांगेत उभी राहायची. ताई माझ्याहून मोठी, त्यामुळे तिच्यावर या आवाजाचा कधीच काही उपयोग झालेला नाही.

"तू काल आलीस आणि पर्स खुर्चीवर टाकलीस," ती म्हणाली. "ह्यांच्या हाताला लागली असती. म्हणून माझ्या कडीत अडकवली. म्हटलं, एकत्र राहतील."

एकत्र राहिल्या खऱ्या.

ते कुलूप चोरासाठी नव्हतं. ते दाराच्या आतल्या बाजूला होतं आणि भावोजींसाठी होतं. भावोजींनी जन्मभर कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त केली. दुकानात त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण मशीन बिघडलं म्हणून कासावीस झालेल्या गिऱ्हाइकाला ते पहिल्यांदा हाच शब्द ऐकवत. स्वतःही तसेच. त्यांचं जेवण होईपर्यंत बाकीच्यांना पुन्हा भूक लागायची. गेल्या काही वर्षांत त्यांची आठवण गळत गेली. आधी नातेवाइकांची नावं गेली. त्यात माझा नंबर पहिला लागला, आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही असं सगळ्यांना सांगते. मग रस्ते गेले. मग एके दिवशी ताई गेली.

राहिलं फक्त काम. त्यामुळे आता त्यांच्या लेखी प्रत्येक घर हे गिऱ्हाइकाचं घर होतं, स्वतःचंही. सकाळी उठले की ताईला विचारायचे, "मॅडम, मशीन कुठंय?" मग एखादा नळ आवळायचे, मिक्सरचं बूड उघडायचे, आणि हात पुसून म्हणायचे, "झालं. निघतो, घरी वाट बघत असतील." आणि खरंच निघायचे. एकदा ते दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सापडले. त्या भल्या लोकांचं चालू मशीन त्यांनी मागून उघडलं होतं आणि सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवले होते. लोकांनी बिचाऱ्यांनी चहाही दिला होता. पण पुढच्या वेळी ते पुलाच्या पार त्या टोकाला सापडले, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय रक्ताळलेला. त्यानंतर दाराला आतून कुलूप लागलं.

लग्न झाल्यापासून 'अगं' म्हणणारा माणूस 'मॅडम' म्हणायला लागला तेव्हा ताई खूप रडली. भांडून बघितलं. शेवटी लग्नाचा फोटो पुढे धरला. फोटोतल्या मुलीकडे बघून भावोजी एकदम खुलले आणि म्हणाले, "ही आमची. हिच्याकडेच जायचंय मला." ताईने फोटो परत कपाटात ठेवून दिला. तिने हात टेकले ते त्या दिवशी.

मला विचाराल तर त्या घरात दोघंही कोंडली गेली होती, पण कोंडलंय हे फक्त एकीला कळत होतं. भाजी दारावर मागवायची, औषधं दारावर मागवायची. मूलबाळ नाही. शेजारीण आली तरी आधी भावोजींना आतल्या खोलीत बसवायचं, मग कुलूप काढायचं, मग कुलूप लावायचं. गप्पा मारतानाही ताईचा एक हात खिशावर असायचा. त्या खिशाच्या जागी तिचे सगळे गाऊन विटले होते.

गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. उठता येईना. भावोजी दारात आले, तिच्याकडे बघितलं आणि अदबीने म्हणाले, "मॅडम कामात आहेत वाटतं, मी नंतर येतो." आणि खुर्चीवर जाऊन बसले. ती तिथेच पडून राहिली. फोन उचलत नाही म्हणून मी धावत आले आणि सुताराकडून दार फोडून घेतलं. हातोड्याच्या आवाजाने भावोजी टेबलाखाली शिरले ते बाहेर यायला तयार होईनात. पुढचे दोन दिवस त्यांनी घास गिळला नाही. नुसते कानांवर हात.

ताईच्या खुब्याच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ऑपरेशन आणखी लांबवलं तर या पुन्हा चालतील याची मी हमी देत नाही. आणि ताई लांबवत होती. ह्यांना कोण बघणार, एवढंच तिचं पालुपद. शेवटी मी शहरभर पायपीट करून एक केंद्र शोधलं. आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणारं, स्वच्छ, झाडं असलेलं. तिथे एक जागा रिकामी झाली. दुपारपर्यंत माणूस आला नाही तर आम्हाला पुढच्यांना बोलवावं लागेल, असं तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी त्यांची गाडी येणार होती. परवा ताईचं ऑपरेशन होतं.

आणि आज सकाळी भावोजींची चादर ओली झाली. मी म्हटलं, पडू दे, नंतर बघू. पण ताई ती. "घर सोडताना मागे घाण चादर नको," म्हणाली. तिने त्यांना आंघोळ घातली, त्यात तिचाही गाऊन भिजला, तो काढला, चादरीबरोबर मशीनमध्ये कोंबला, दार लावलं, बटण दाबलं. गाऊन बदलताना खिसा रिकामा करायचा हे त्या घरातलं पहिलं काम. ते नेमकं आजच राहिलं.

मी आधी सगळी बटणं दाबून बघितली. मग मशीनला एक चापट मारली. मग एक पाय मशीनला लावला, दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं आणि रस्सीखेच खेळतात तसं मागे रेटलं. हँडल माझ्या हातात आलं. दार जागेवर.

ताईने त्या तुकड्याकडे बघितलं. "झालं समाधान?" म्हणाली.

भावोजींच्या जुन्या दुकानात फोन केला. तिथून लंबू निघाला. लंबू भावोजींच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतः केस पिकलेला मेकॅनिक. त्याने बेल वाजवली.

"काकू, दार उघडा."

"दार उघडत नाहीये!" मी आतून ओरडले.

"हो, त्यासाठीच आलोय. तुम्ही दार उघडा म्हणजे मी येऊन दार उघडतो."

"अहो, या दाराची किल्ली त्या दाराच्या आत आहे!"

लंबू म्हणाला, "कोणत्या दाराची कोणत्या दाराच्या आत, जरा परत सांगा." मी परत सांगितलं. सांगताना मलाच हसू आलं आणि रडूही आलं. काचेपलीकडे किल्ली इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्यावरचे दाते मोजता आले असते.

तेवढ्यात केंद्राची गाडी आली. ड्रायव्हर वर आला आणि त्याने दाराबाहेरूनच जाहीर केलं की त्याला आणखी एका ठिकाणी जायचंय, फार थांबता येणार नाही.

लंबूने दाराखालच्या फटीतून करवतीचं एक पातं आत सरकवलं. मी कुलूप घासायला घेतलं. बोटं सोलली, कुलपावर नखाने ओढल्यासारखी रेघ उमटली आणि पातं मोडलं. कुलूप मीच आणलं होतं. दार फोडल्यावर नवं घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला ठसक्यात म्हटलं होतं, हत्ती बांधता येईल असं द्या. त्याने दिलं. कडीचे स्क्रू सोडवावेत म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं. भावोजींनी एकदा ते चमच्याच्या टोकाने काढले होते, म्हणून सुताराने त्यांची तोंडं घासून सपाट केली होती. खिडक्यांना गज. स्वतःच्या हुशारीत आम्ही दोघी बहिणी चारी बाजूंनी व्यवस्थित अडकलो होतो.

मग मी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि कुलपावर घातला. एकच घाव. आतल्या खोलीतून असा आवाज आला की माझा हात वरच्या वर राहिला. भावोजी कानांवर हात दाबून, गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत गोळा झाले होते. ताई काठी टेकत त्यांच्याकडे गेली. हात नुसते हवेत धरून उभी राहिली, कारण घाबरले की त्यांना हात लावलेला चालत नाही, अनोळखी बाईने हात लावावा का?

"ठेव तो बत्ता," ती मला म्हणाली.

"मग काय करू? काच फोडू?"

"काही करू नकोस." ती पलंगाच्या कडेवर टेकली. दुखऱ्या पायाकडे बघत म्हणाली, "नाही उघडलं तर बरंच होईल."

माझं डोकंच फिरलं. एवढी पायपीट केली, एवढे फोन केले, आणि ही! मी बोलायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता. आत्ता कुठे, पहिल्यांदा, तिला काही ठरवायचं नव्हतं. कुलपाने ठरवलं होतं. मला तिची इतकी कीव आली की राग कुठल्या कुठे गेला, आणि मग ती कीव आली याचाच राग आला.

"उठ," मी म्हटलं. "मला तू चालती हवी आहेस."

बाहेरून लंबू मला सांगत होता, "मशीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक लहान झाकण आहे. ते काढा. आत फिल्टर आहे. खाली ताट धरा आणि फिल्टर थोडासा डावीकडे फिरवा. आत पाणी असेल तर दार सुटणारच नाही."

'थोडासा' हा शब्द मी ऐकला नाही. सगळा जोर लावून फिल्टर फिरवला आणि पाण्याचा लोट माझ्या पायांवर आला. ताट वाहून गेलं. पाणी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून आतल्या खोलीत गेलं आणि भावोजींच्या खुर्चीपाशी पोचलं.

त्यांनी पाय उचलले. खाली बघितलं. कानांवरचे हात हळूहळू खाली आले.

"हे कोणी एवढं उघडलं?" ते म्हणाले. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भांबावलेला नाही, आर्जवी नाही. कामावरच्या माणसाचा, जरा वैतागलेला. "सावकाश. सावकाश."

उठून ते पाण्यातून चालत आले आणि मला म्हणाले, "बाई, सरका." मी सरकले. त्यांनी खाली बसून फिल्टर परत आवळला. पाणी थांबलं. मग वर बघून विचारलं, "प्लग काढलाय?"

प्लग काढलेला नव्हता. एवढ्या वेळात कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पटकन काढला आणि लपवल्यासारखा मागे धरला.

"ताट. फडकं. आणि तो पसारा आवरा," भावोजी म्हणाले. ताईने ताट आणलं. त्यांनी फिल्टर बोटभर फिरवला, ताट भरलं, आवळला. ताईने ताट मोरीत ओतलं, परत आणलं. परत बोटभर.  ताई काठी टेकत ये-जा करत होती. मी ताट घ्यायला गेले तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. नवऱ्याबरोबर एका कामाला हात लावायला तिला किती दिवसांनी मिळालं होतं कोण जाणे.

काचेमागचं पाणी उतरत गेलं. किल्ली खाली सरकून रबराच्या घडीत बसली. फिल्टरमधून ताईची एक केसांची पिन निघाली. ती भावोजींनी धुऊन बाजूला ठेवली.

आणि तिथेच त्यांचा हात थांबला. ते पिनेकडे बघत राहिले, मग मशीनकडे, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे. चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मी इथे कशासाठी आलो होतो?"

  मी दाराकडे धावले आणि फटीतून लंबूला सांगितलं की ते मध्येच थांबले.

लंबूने दाराबाहेरूनच हाक मारली. "काका! पाणी काढलं. दार तरीही सुटत नाही. मला जमत नाहीये, काका. पुढे काय करू?"

भावोजींनी मान वर केली. "जमत नाही म्हणजे काय? ओढलंस का?"

"ओढलं, काका."

"हँडल तुटलं असेल."

"तुटलं, काका."

"किती वेळा सांगितलंय तुला, ओढू नकोस म्हणून! वीज गेली की आतली कडी सुटायला वेळ लागतो. गरम असते ती. तेवढा वेळ थांबायचं. माणसाला थांबायला काय होतं?"

"चुकलं, काका," पिकल्या केसांचा लंबू बाहेरून म्हणाला. हँडल तर माझ्या हातून तुटलं होतं. माझ्या वाटची बोलणी त्याने खाल्ली, हे मी त्याचं कधी विसरणार नाही.

मग आम्ही थांबलो. खाली गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. भावोजी गुडघ्यांवर हात ठेवून मशीनसमोर बसून होते आणि ताई त्यांच्या मागे, काठीवर हनुवटी टेकून. घड्याळाकडे फक्त मी बघत होते.

"जाड दोरा आहे का मॅडम?" त्यांनी विचारलं. ताईने गाद्या शिवायचा दोरा आणला. त्यांनी तो दुहेरी केला, दाराच्या कडेच्या फटीत, तुटक्या हँडलच्या बाजूने, वरून खाली सरकवला, दोन्ही टोकं हातात घेतली आणि हलकेच स्वतःकडे घेतलं. टक् असा बारीक आवाज आला आणि दार बोटभर पुढे आलं. बस्स, एवढंच. ज्याच्यासाठी मी पाय लावून झोंबले होते ते एवढंच होतं.

त्यांनी चादर काढली, पिळली. गाऊन काढला, पिळला. रबरात बोट घालून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि ताईपुढे धरली.

"मॅडम, किल्ली. कपडे टाकायच्या आधी खिसे बघत जा."

ताईने हात पुढे केला नाही. मला कळलं, आणि मी तोंड दुसरीकडे केलं. ती किल्ली घेतली की आता पुढचं सगळं तिलाच करायचं होतं.

"तुमचीच आहे ना?" भावोजींनी काळजीने विचारलं.

"हो, माझीच," ती म्हणाली आणि घेतली.

भावोजींनी फडक्याने सगळी फरशी पुसली. गिऱ्हाइकाच्या घरी ओली फरशी सोडून ते कधी निघाले नव्हते. मग हात धुतले, बाह्या खाली केल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "झालं काम. निघतो. घरी वाट बघत असतील."

त्यांना कसं न्यायचं या विचाराने ताईच्या रात्रीच्या रात्री गेल्या होत्या. ते घाबरतील, झटापट होईल, धरून न्यावं लागेल. त्यासाठी तिने काय काय थापा तयार ठेवल्या होत्या, डॉक्टर, फिरायला जाणं, कोणाचं तरी लग्न. एकीचीही गरज पडली नाही. तिने कुलूप काढलं आणि भावोजी आपल्या पायांनी बाहेर पडले, लंबूच्या पाठीवर थाप मारून, जिन्याच्या कठड्याला धरून, सावकाश. मागून ताई एकेक पायरी उतरत होती.

खाली ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. "दुकानाची गाडी का?" भावोजींनी विचारलं.

ड्रायव्हरने ताईकडे बघितलं.

"हो," ताई म्हणाली. "तुम्हाला घरी सोडायला सांगितलंय."

ती बरोबर जाणार होती. तिथे त्यांना बसवून, त्यांचं अंथरूण घालून, मग यायचं असं ठरलं होतं. तिने काठी आत ठेवली आणि दाराला धरून पाय उचलला, तर भावोजींनी हात आडवा केला.

"मॅडम, तुम्ही कशाला? तुमचा पाय दुखतोय, मघापासून बघतोय मी. वर जाऊन पडा जरा. मी जाईन." मग काठी तिच्या हातात देऊन म्हणाले, "आणि परत अडकलं तर ओढू नका. दुकानात फोन करा. मलाच पाठवतात."

महिनाभर त्यांच्यासमोर लंगडणाऱ्या बायकोचा पाय त्यांना दिसला नव्हता. गिऱ्हाइकाचा दिसला.

ताई काय म्हणणार? गिऱ्हाईक बाई मेकॅनिकला घरी पोचवायला जात नाही. ती हटून बसली असती तर ते उतरले असते, आणि मग परत चढले नसते. ती मागे सरली. लंबू न सांगताच कपड्यांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसला. गाडी वळेपर्यंत भावोजी समोरच बघत होते, दिवसभराचं काम उरकून घरी निघालेल्या माणसासारखे, खुशीत.

वर आल्यावर ताईने दार लावलं, कडी सरकवली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

"ताई," मी म्हटलं, "कोणासाठी?"

तिने कुलपाकडे बघितलं. मग भिंतीला पाठ लावली आणि रडायला लागली. "पोचेपर्यंत खुशीत असतील गं," ती म्हणाली. "पण उतरल्यावर शोधतील ना मला. मीच सांगितलं घरी सोडतात म्हणून."

 

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. ताई आता काठीशिवाय चालते. दाराला आतून कुलूप नाही. मशीनचं हँडल मात्र तिने बदलून घेतलेलं नाही. लंबू फुकट लावून देतो म्हणाला तरी नको म्हणाली. दोऱ्याने उघडते.

केंद्रात दर रविवारी जाते. पहिल्या खेपेला बायको म्हणून गेली, नवा शर्ट घेऊन. भावोजींनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. जायची वेळ झाली तरी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेलाही तेच चाललं होतं, तेव्हा उठता उठता ती म्हणाली, "अहो, आमच्या मशीनचं दार उघडत नाहीये."

भावोजी वळले. समोरची खुर्ची ओढून तिला बसायला दिली. "पाणी दिसतंय का आत? प्लग काढला होता का? ओढलं तर नाही ना?"

आता दर रविवारी ती हीच तक्रार घेऊन जाते आणि दर रविवारी ते पहिल्यापासून सगळं विचारतात. मी एकदा म्हटलं, "कधीतरी दुसरं काही सांग की. मोटर बिघडली म्हण, ड्रम आवाज करतो म्हण."

"आणि त्यापुढचं त्यांना आठवलं नाही तर?" ताई म्हणाली. 

शेवटी ते नेहमी तेच म्हणतात, "उद्या सकाळी येतो. घरी कोणी असेल ना, मॅडम?"

"असते ना," ताई म्हणते, "मी घरीच असते."

आणि सोमवारी ती खरंच कुठे जात नाही.